दहा म्हणजे दहा

फोटो डिलीट करता येतात, किस्से नाही! दर रविवारी सकाळी ठाण्यातल्या मोठ्या पार्कात पक्षी टिपायला जमणाऱ्या आमच्या ग्रुपचं तसंच झालंय. बरे फोटो वर्षाला पाच-सहा, किस्से मात्र दर रविवारी.

*

टेंभी नाक्याचा निलेश एकदा डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या-तपकिरी कपड्यांत आला आणि झुडपाखाली पालथा पडून राहिला. वॉकला आलेल्या एका आजींनी वॉचमनला बोलावून आणलं, झाडीत कोणीतरी बेशुद्ध पडलंय म्हणून. पक्षी उडाले. आजी निलेशला पाणी पाजूनच गेल्या!

*

मी तरी काय वेगळा? पांढऱ्या लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक अर्धा तास माझ्यासमोर नाचला. मग कळलं, मेमरी कार्ड डोंबिवलीला घरी लॅपटॉपमध्येच राहिलंय. आमचे अण्णा म्हणजे गणिताचे रिटायर्ड मास्तर. म्हणाले, "उत्तर बरोबर, पेपर कोरा."

*

ग्रुपचा नियमही अण्णांचाच. पक्षी जवळ उतरला की रांग लावायची, प्रत्येकाने एकेक करून दहा क्लिक करायचे आणि मागच्याला जागा द्यायची. मोजणार अण्णा, हळू आवाजात. एकदा त्यांचा जावई नवाकोरा कॅमेरा घेऊन आलेला. अकराव्या क्लिकला त्याचं बोट गेलं, तशी अण्णांनी लेन्ससमोर टोपी धरली. "जावई घरी. इथे दहा म्हणजे दहा." जावई पुन्हा आला नाही!

*

विठ्ठलवाडीच्या कांबळेताई रिटायर्ड नर्स. पानांत दडलेला पक्षी आम्ही हजारोंच्या लेन्सने शोधत बसायचो आणि ताई नुसत्या आवाजावरून फांदी दाखवायच्या. कसं जमतं, विचारलं तर म्हणाल्या, "वॉर्डात कुठल्या बेडवर कोण खोकतंय ते न उठता कळायचं." त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे मागेच फिरतो.

*

ताईंना एकच फोटो हवा होता, नवरंगाचा. हा रंगीत पाहुणा पावसाच्या तोंडावर चार दिवस पार्कात उतरतो. चार वर्षं त्याने ताईंना हुलकावणी दिली. यंदा तर त्या कायमच्या लेकीकडे मस्कतला निघालेल्या. त्यांच्या शेवटच्या रविवारी बांबूखालच्या पाचोळ्यात नवरंग उतरला.

रांगेत ताई पहिल्या. मागे आम्ही सहा जण, शेवटी अण्णा, जे स्वतः वर्षभर याच पक्ष्याची वाट बघतात.

ताईंनी घाईघाईत कॅमेरा उचलला. पहिले फोटो हललेले, हे मला मागून त्यांच्या स्क्रीनवर दिसत होतं. पुढे तर पक्षी पाठ करूनच बसला. जुन्या कॅमेऱ्याचा खटका वाजत होता आणि अण्णा मोजत होते. सात. आठ. नऊ.

पुन्हा खटका वाजला. पक्ष्याची पाठच.

"नऊ," अण्णा म्हणाले.

ताईंनी वळून पाहिलं. "अण्णा, दहा झाले."

"समोर बघा."

रांगेत कोणी हललं नाही. नवरंग सावकाश आमच्याकडे वळला. खटका वाजला.

"नऊ."