नवव्या दिवसाचं अंडं

आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा घेत नाहीत. अगदी वेळ आलीच तर सासूबाई 'ते' म्हणतात आणि तोंड वाकडं करतात. नवऱ्याच्या वाढदिवसाला केक आणायचा झाला तर त्या स्वतः बेकरीत जातात, बेकरीवाल्याला दोनदा विचारतात, आणि घरी आल्यावर एवढासा तुकडा हुंगून बघतात. हुंगून काय कळतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. अशा घरातली मी सून, आणि माझं पोट अंड्यांवर चालतं.

सोलापूरहून चिंचोळी एमआयडीसीकडे जाताना आमची प्रयोगशाळा लागते. कारखान्यांची रसायनं आमच्याकडे तपासायला येतात. टॉवेलच्या कापडाचा तेलकटपणा काढायचं द्रावण, रंग पक्का करायचं, यंत्रं धुवायचं. अंगावर सांडलं तर कातडीला झोंबेल का, डोळ्यात उडालं तर काय होईल, हे आम्ही सांगायचं. त्याप्रमाणे कॅनवर धोक्याची खूण लागते. कातडीचं काम सरळ आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या कातडीच्या बारीक चकत्या विकत मिळतात, महाग असतात, पण त्यांच्यावर काहीही ओतताना मनाला काही वाटत नाही. डोळ्याचं तसं नाही. पूर्वी सशाला बांधून त्याच्या डोळ्यात थेंब टाकून बघायचे. मुलाखतीत सरांनी सांगितलं की आपण ससे वापरत नाही, अंडी वापरतो, तेव्हा मला एवढं बरं वाटलं की पुढचं मी धड ऐकलंच नाही.

हॅचरीतून आणलेलं, नऊ दिवस उबवलेलं अंडं घ्यायचं. दिव्यासमोर धरलं की आतल्या शिरा दिसतात. वरचं कवच गोल कापून काढायचं, आतल्या पांढऱ्या पापुद्र्यावर मिठाचं पाणी सोडायचं आणि चिमट्यानं तो अलगद सोलायचा. खाली दुसरा पापुद्रा असतो, सगळा लाल शिरांनी भरलेला. त्यावर रसायनाचे थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं नजर न हलवता बघत राहायचं. शिरा फुटल्या, दिसेनाशा झाल्या किंवा पांढरट साका धरला, की समजायचं, माणसाच्या डोळ्याचंही हे असंच करणार. मग ते अंडं फ्रीझरमध्ये जातं. नियमाप्रमाणे नवव्या दिवसाचं अंडं हा प्राणी नाही. त्याला वेदना कळायला अजून अवकाश असतो असं शास्त्र सांगतं, आणि मी शास्त्र शिकलेली बाई आहे.

मला हे काम आवडतं, ही खरी पंचाईत. पापुद्रा सोलताना रक्ताचा ठिपकाही येऊ न देणं भल्याभल्यांना जमत नाही. मला जमतं. सर नवीन मुलींना माझ्या टेबलाशी आणून उभं करतात आणि मी जरा जास्तच ऐटीत चिमटा फिरवते. काम नाइलाजानं करत असते तर अपराध्यासारखं वाटलं नसतं. नाइलाजाच्या आड माणूस निवांत लपतो. मला तशी जागाच नव्हती.

घरी मी एवढंच सांगितलं होतं की डोळ्याला काय झोंबतं ते तपासतो. सासूबाईंना आम्ही कानडीतलं अत्ती म्हणतो. त्यांनी एकदा विचारलं होतं, कुणाच्या डोळ्यात घालून बघताव? मी म्हटलं, यंत्र असतं. अंडी उबवायचं यंत्र असतंच, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं, असं मी मला समजावलं. कामावरून आले की मी आधी न्हाणीघरात शिरत असे. आम्ही लिंगायत; हाताला लागलेलं धुऊन काढल्याशिवाय गळ्यातल्या इष्टलिंगाला शिवायचं माझं धाडस नव्हतं. अत्तींना वाटायचं, सून सोवळ्याची आहे. शेजारपाजारी सांगायच्या, 'आमची शिकलेली हाय, पर न्हायल्याबिगर पूजेला बसत न्हाय.' मी आत बसून ते ऐकायची आणि कान तापायचे.

अत्ती मूळच्या अक्कलकोटच्या बाजूच्या. खोटं बोलणं त्यांना येतच नाही, आणि त्याचा इतरांना फार त्रास होतो. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी माझ्या वडलांना सांगितलं की पोरगा बारावीला एकदा नापास झालेला हाय, घोरतो लई, आणि राग आला की जेवत न्हाय. बैठकीतली सगळी माणसं खाली बघायला लागली. वडील घरी येऊन म्हणाले, या घरात दे पोरगी, इथं फसवणूक व्हायची नाही. फसवणूक करायला त्यांची स्वतःची लेक जाणार होती, हे त्यांना कुठं ठाऊक.

मला दिवस गेले तेव्हा सरांनी मला रसायनांपासून लांब ठेवलं. बाळाला वाफसुद्धा लागायला नको, म्हणाले. पण माझ्यासारखं सोलणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून असं ठरलं की अंडं मी उघडायचं आणि थेंब दुसऱ्या मुलीनं, दुसऱ्या खोलीत टाकायचे. माझ्या पोटातल्या जिवाची एवढी काळजी घेतली जात होती, आणि मी एकामागून एक अंडी उघडून त्या खोलीत पाठवत होते. तेव्हा हे खटकलं नाही. काळजी घेणारे लोक भेटले म्हणून मी खूश होते.

सातवा महिना सरत आला होता. टॉवेलच्या एका कारखान्याला पुरवायचं द्रावण आलं होतं. ते हाताळताना तिथल्या एका बाईच्या डोळ्यात उडालं होतं, म्हणून ते तपासायला टाकलेलं. मी अंडं उघडलं, पापुद्रा सोलला, आणि आतलं पिल्लू हललं. नवव्या दिवशी ते हलतंच. मी कितीदा पाहिलं होतं. एवढंसं अंग, काळा ठिपका डोळ्याचा, आणि एक झटका. नेमकं तेव्हा माझंही बाळ पोटात हललं असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. माझं बाळ झोपलेलं होतं. मीच ते अंडं हातात धरून उभी राहिले, आणि पलीकडच्या खोलीतून दोनदा हाक आली तेव्हा नेऊन दिलं.

द्रावण फार वाईट निघालं. शिरा लगेच फुटल्या. द्रावण बनवणाऱ्यांचा फोन आला, अहवालात जरा सौम्य शब्द घालता येतील का, तर मी त्यांना असं फैलावर घेतलं की सरांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. मोठी खूण लागली, चष्म्याशिवाय हात लावू नये असं कॅनवर आलं. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि घरी येताना रिक्षात रडूही आलं. दोन्ही खरं होतं.

आमच्यात आठव्या महिन्यात पोटातल्या बाळाला दीक्षा देतात. स्वामी, म्हणजे आमचे जंगम गुरू, घरी येतात, बाळासाठी वेगळं इष्टलिंग आणतात आणि मंत्र म्हणून आईच्या स्वाधीन करतात. बाळ जन्मेपर्यंत ते आईनं सांभाळायचं, मग बाळाला बांधायचं. म्हणजे जगात यायच्या आधीच ते आमच्यातलं एक माणूस झालेलं असतं, नाव नसलं तरी. लहानपणापासून मी हे ऐकत आले होते आणि कधी त्याचा विचार केला नव्हता. आता दुसरं काही सुचेना. न जन्मलेल्याला घरात जीव मानायचं आणि कामावर मानायचं नाही, हे मी इतकी वर्षं कसं काय जमवलं?

नवऱ्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं. तो म्हणाला, सांगू नकोस, सांगून कुणाचं भलं होणार? मी त्याला भित्रा म्हटलं. तो म्हणाला, असू दे भित्रा. त्याचं ऐकायला हवं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी अत्ती शेंगापोळीसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढत बसल्या होत्या. मी समोर बसून सालं काढता काढता सांगून टाकलं. हॅचरी, दिवा, पापुद्रा, सगळं. मध्येच त्या टॉवेलच्या कारखान्यातल्या बाईचं सांगितलं, आता पुढच्या कुणाचा डोळा जायचा नाही हेही सांगितलं. सशांचंही सांगितलं. एखाद्या वकिलासारखी मी माझीच बाजू मांडत होते. त्यांचे हात थांबले नव्हते.

"ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "त्या बाईचं बरं केलंस. पर मला सांग, ते हालतंय का?"

नाही म्हणता आलं असतं. त्या कुठं बघायला येणार होत्या.

"व्हय," मी म्हटलं. "हालतं."

त्यांनी परात बाजूला सरकवली. त्या रागावतील, रडतील, उद्याचं सगळं रद्द करतील, माझं काम सोडवतील, असं मी सगळं मनाशी धरून ठेवलं होतं. त्यातलं काही झालं नाही. त्यांनी पदराला हात पुसले.

"तू आता हलकी झालीस," त्या म्हणाल्या. "तुज्या मनावरचं माज्यावर ठिवलंस. आता मी कुणाला सांगू?"

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफीचं काय न्हाय, आणि उरलेले शेंगदाणे घेऊन आत गेल्या. तिथं बसल्या बसल्या मला कळलं की त्यांच्यासाठी म्हणून मी काही सांगितलं नव्हतं. उद्या मला स्वच्छ मनानं पाटावर बसायचं होतं, म्हणून सांगितलं होतं. अंगावरचा ओला कपडा काढून दुसऱ्याच्या अंगावर टाकावा तसं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वामी आले. म्हातारे, प्रेमळ, अर्धं कानडीत बोलणारे. माहेरची माणसं, भाऊबंद, दोन-चार शेजारी असे सगळे जमले. मी हिरवं लुगडं नेसून पाटावर बसले. अत्ती माझ्या मागं उभ्या होत्या. स्वामींनी कपड्यात गुंडाळलेलं इष्टलिंग काढलं, भस्म मळलं, आणि सहज, दरवर्षी दहा घरांत विचारत असतील तसं विचारलं, "पोरीच्या हाताला मांस, अंडं कायबी लागलेलं न्हाय न्हवं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता यायचं नाही, कारण मागून अत्तींचा आवाज आला.

"न्हाय, स्वामी. आमच्या घरात तसलं काय न्हाय."

त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. नवरा दाराशी उभा होता, त्यानं एकदम आईकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. बाकी कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. अत्तींच्या शब्दावर संशय घेणारा माणूस उभ्या गल्लीत नाही. स्वामी समाधानानं मान हलवून मंत्र म्हणायला लागले, त्यांनी माझा डावा हात पुढं ओढला आणि तळव्यावर बाळाचं इष्टलिंग ठेवलं. तळवा घामानं भिजला होता. स्वामी म्हणाले, घाबरू नको पोरी.

पंगती झाल्या. शेंगापोळीचं सगळ्यांनी कौतुक केलं. अत्ती वाढत राहिल्या, शेवटच्या पंगतीलाही बसल्या नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणाल्या, आज पोटात बरं न्हाय. सकाळपासूनचं त्यांचं ते दुसरं खोटं होतं.

पाहुणे गेल्यावर मी ताट वाढून त्यांच्याकडे नेलं. त्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, मी उद्याच काम सोडते, तुम्ही जेवा. त्यांनी ताटाकडे बघितलं नाही.

"काम सोड नायतर धर. त्या बायांचं डोळं बी डोळंच हाईत," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले ते माजं मी फेडीन. तुजं तुला फेडायचंय. माज्यासाठी म्हणून काय करू नगं."

मी ताट तसंच परत आत नेलं आणि झाकून ठेवलं. काम मी सोडलं नाही.