गायरानात राखलेला हुलगा

हुलगा आम्ही दवातच उपटायचो. ऊन चढलं की वाळल्या शेंगा तडकतात आन दाणे मातीत जातात. त्या दिवशीही तांबडं फुटताना मी आन बायको रानात होतो. रान कसलं, गायरान, गुरं चारायची सरकारी जागा. दुष्काळानंतर दगड वेचून तिथं आम्ही एक तुकडा केला होता. स्वतःची जमीन कधी नव्हतीच. आता सरकार म्हणत होतं, भूमिहीनानं गायरान कसलं असेल तर ते त्याच्या नावावर करू. पण तलाठ्याला पीक उभं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर जागा परत सरकारची. तलाठी उद्या तासगावासनं येणार, असं कोतवाल सांगून गेला होता.

मी भराभरा उपटत सुटलो. बांधाकडच्या ओळींना हात घातला तशी ती वरडली.

“आवं, ऱ्हाऊ द्या की तेवढं. मोकळ्या मातीचा पंचनामा करणार हाय का त्यो?”

“तडकंल की सगळं.”

“तडकू द्या. तुमचं डोस्कं रोज तडकतंय, सोसतेच की मी.”

ठेवलं.

घरी येऊन तिनं भाकरी थापली. छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकली, आणि गेली. दिवस मावळायच्या आत जाळून आलो. मूलबाळ नाही, अग्नी मीच दिला. चितेपुढं उभा होतो आन डोक्यात एकच. सगळं गाव इथं, गुराखीसुद्धा. गुरं त्या ओळींत शिरली तर?

दुसऱ्या दिवशी उजाडता काठी घेऊन निघालो. मेव्हणा आडवा आला.

“दाजी, सुतकात भायेर पडू नगा. लोकं काय म्हणतील?”

“तलाठ्याला सुतक न्हाई, गड्या.”

ओळी होत्या. कडेला कुठल्या शेळीनं तोंड लावलं होतं, तेवढंच. दव होतं, हात शिवशिवत होते. उपटलं नाही. दव आटलं तरी तलाठी दिसेना. एसटी चुकली, का येणारच नाही? शेंगा तटातट तडकायला लागल्या.

आला एकदाचा, कोतवालाला घेऊन. “कोण कसतं?”

“मी आन ती.”

कोतवालानं त्याच्या कानात काही सांगितलं. मग तलाठ्यानं लिहिलं. सहीचा कागद कोतवालानं दगडावर ठेवला, वर खडा ठेवला. सुतक्याच्या हातात कोण देणार. नावावर होईल का विचारलं, तर म्हणाला, “वर पाठवतो.”

ते गेले. ऊन चढल्यावर हुलगा कोणी उपटत नाही. मी उपटला. मग मातीतले दाणे वेचत बसलो.