खळ्यावरची मेढ

त्या सकाळी आमी दोघांनी मालकाचं खळं सारवलं. मी बादलीनं पाणी टाकत गेलो, माझी बुढी हातानं शेण ओढत गेली. जनमभर हेच केलं. सोबतचं शेवटचं काम बी हेच.

मळणीयंत्र आल्यापासून खळ्यावर पीक पडत नव्हतं. तिथं आमची नात पायल खेळायची. तिले मायबाप नाहीत, आमीच वाढवली. शाळेत बास्केटबॉल पाहून आली, तवा मी खळ्यातली सडकी मेढ काढली, बैल जिच्याभोवती फिरायचे तो खांब. माझ्या वावराच्या धुऱ्यावरचा निंब तोडून दुप्पट उंच मेढ रोवली. बुढीनं मेढीले हळद-कुंकू लावलं. वर फुटक्या ड्रमची कडी ठोकली. बुढी पोरीले बैलावानी मेढीभोवती फिरवे, अन् पोरगी चारी बाजूनं बॉल टाके. मांगं फळी नव्हतीच. वाशिमले निवडीत साहेब हसला, "हे तं बोर्डाले बॉल लावतच नाही!" मंग बॉल कडीतून जातच राह्यले. त्याचं हसणं थांबलं.

बायांची बास्केटबॉलची लीग निघाली होती, त्याचीच ती निवड. शहरा-शहराच्या टीमा, खेळाचा पगार. बुढी म्हणे, "धावाचा पगार? मंग मी तं जनमभर फुकटच धावली ना वं बाई!"

पायलले घेतलं त्या टीमची माणसं त्या सकाळी पोरीचा व्हिडिओ काढायले गावात आली. मालक त्यायले घेऊन थेट ओल्या खळ्यावर चढला. पायात जोडे.

खळ्यावर जोडे घालत नाहीत. त्याच्याच बापानं माझ्या बापाले त्यासाठी रुमण्यानं हाणलं होतं.

बुढी म्हणाली, "मालक, जोडे काढा. खळं ओलं हाये."

"ए बुढे, शेणाचे हात घेऊन मधात येऊ नको. फोटो खराब होते. मांगं हो."

ती हलली नाही. मी हलवली. दंडाले धरून मांगं ओढली. मीच.

टीमच्या बाईनं पायलले विचारलं, "तुला पहिल्यांदा कोणी शिकवलं?" पोरीनं तोंड उघडलं, पण मालकच बोलला, "आमीच. आमच्याच खळ्यावर घडली."

घरी येऊन बुढीनं हात धुतले नाहीत. भाकर बी खाल्ली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी काहून ओढलं मले?" मी बादली घेऊन बाहेर निघालो. दुपारी पडली ते उठलीच नाही. दिवस बुडाच्या आत जाळून आलो. तिच्या नखात शेण तसंच होतं.

मालक मसणवटीत आला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "व्हिडिओ अर्धा राह्यला. उद्या पोरीले पाठव. अन् खळं उखडलं, एक हात सारवून दे."

माझ्या तोंडून "हो जी" निघालं. चिता जळून राह्यली होती, अन् मी हो जी म्हणालो.

सकाळी लोखंडी सब्बल घेऊन पायलसंगं खळ्यावर गेलो. मालक, टीमची माणसं आलेलीच होती. मी जोडे काढले अन् मेढीच्या बुडाशी माती खांदाले लागलो.

"काय करून राह्यला बे? सारवाले सांगतलं होतं."

"मेढ माही हाये. घेऊन चाललो."

"खळं माहं हाये!"

"ठेव तुहं खळं."

जनमात पहिल्यांदा त्याले अरे-तुरे केलं. मेढ पडली. पायलनं दुसरं टोक उचललं. टीमची बाई मांगं आली. पायलनं चालता चालताच तिले सांगतलं, "मले आजीनं शिकवलं."

माझ्या दारासमोर मेढ रोवली. जागा लहान हाये, पण माही हाये. पाणी मी टाकलं, शेण बी मीच ओढलं. पहिल्यांदा. वेडंवाकडं झालं. हात मी बी धुतले नाहीत.

पायल लीगमधी खेळाले जाईल. व्हिडिओ काढा, नका काढू. पण या अंगणात जो येईल त्यानं जोडे काढाचे. मालक असो, साहेब असो. अन् नाही काढले, तं दंडाले धरून मांगं ओढीन. ओढता येते मले. चुकीच्या माणसाले ओढून शिकलो.