गणंग

"हलू नका हं, शैलजाताई. चाळीस मिनिटं," असं सांगून टेक्निशियन पोरगी काचेपलीकडे जाते. माझ्या हातात एक रबरी फुगा आहे, भीती वाटली तर दाबायचा. भीती तर सकाळपासूनच वाटतेय. मेंदूतली गाठ काढून, किरणं देऊन वर्ष झालं आणि त्याच जागी पुन्हा पांढरा ठिपका दिसलाय. गाठ परत आली, की किरणांनी जळालेली मेलेली जागा आहे? या नव्या एमआरआयमध्ये म्हणे पेशींच्या आत-बाहेर पाणी किती भराभर जातं ते मोजतात. जिवंत गाठीत ते जोरात चालतं, असं डॉक्टर म्हणाले.

यंत्र ठकठक करायला लागतं. दुपारचे दोन वाजलेत. पोटात सकाळपासून काही नाही, घास उतरतच नव्हता. माझा डोळा लागतो.

ठकठक आता खलबत्त्याची आहे. यंत्राच्या पोटातच आमचं मिरजेचं स्वयंपाकघर आहे आणि पाटावर आत्ती बसल्यात, माझ्या सासूबाई. गेल्या श्रावणात गेल्या त्या. पुढ्यात भिजवलेल्या मटकीची परात.

"ये, निवडू लाग."

"आत्ती, मला हलायचं नाहीये."

"मग नुसती बघ. दुसरं काय जमतंय तुला!"

मला हसू येतं. नवी नवरी असताना मी मटकीतले गणंग, ते भिजत नाहीत की मोडत नाहीत असे टणक दाणे, निवडायला विसरले आणि मामंजींची दाढ तुटली. पुढे वीस वर्षं टोमणे खाल्ले.

मी बघते तर परात नाही, डॉक्टरांच्या खोलीतला कॉम्प्युटरचा पडदा आहे. त्यावर दाणे टम्म फुगताहेत. मधोमध माझा ठिपका. आत्ती पडद्यात बोट घालून तो उचलतात.

"ह्याला घाबरतीस व्हय? अगं, रातभर पाण्यात हुता, थेंब प्याला न्हाई. ह्याला कुठला मोड येतोय!"

"नक्की ना, आत्ती?"

"जलमभर मटकी निवडली मी. गणंग वळखंना व्हय मला?" त्या तो माझ्या मुठीत ठेवतात. "रडू नगं, हलशील. जा, जेव जा."

इतकं हलकं मला वर्षभरात वाटलेलं नाही.

"झालं, ताई. छान झोपलात की!" पोरगी मला बाहेर ओढते. "डॉक्टर चार वाजता भेटतील."

मी फुगा तिला देते. तळव्यावर मटकीचा एक दाणा उरतो, कोरडा, टणक. तो दाढेखाली धरून दाबते. फुटत नाही.

"कॅन्टीन कुठंय गं?" मी विचारते.