भांडकुदळ कोंबडीचा आवाज

भार्गवी शेडगेचा चेहरा जयपुरात फारसा कुणी ओळखत नाही, पण आवाज बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. मालवीय नगरातल्या एका कोचिंग क्लासची जाहिरात तिची. डेंग्यूपासून सावध करत फिरणाऱ्या रिक्षाच्या भोंग्यातली बाईही तीच, आणि हिंदी कार्टूनमधला तोतरा हत्तीसुद्धा तीच. पडद्यावर तिने दोनदा नर्स, तीनदा महिला पोलीस आणि एकदा राणीची दासी केली. दासीला एकच वाक्य होतं. त्यासाठी ती जड घागरा घालून दिवसभर आमेरच्या किल्ल्यात उन्हात उभी होती, आणि आपली पाळी आल्यावर पहिल्याच टेकला ते नीट बोलली.

तिचे वडील नागनाथ, म्हणजे तिचे बापू, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. फौजेतली शेवटची नेमणूक जयपूरला होती. निवृत्तीनंतर त्यांनी तिथल्याच सोडाला भागात घर घेतलं आणि ते इथलेच झाले. भार्गवी अकरावीत असताना आई गेली. त्यानंतर घरात दोघंच. बापू मराठीत विचारायचे, भार्गवी हिंदीत उत्तर द्यायची. दोघांनाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

चौतिसाव्या वर्षी तिला पुण्याहून विचारणा आली. मुलांच्या एका कार्टून मालिकेचं मराठी डबिंग होणार होतं आणि आजीसाठी आवाज हवा होता. आडनाव शेडगे, म्हणून कुणीतरी तिचं नाव सुचवलं होतं. तिने नमुना पाठवला. दोन दिवसांनी डबिंगचा दिग्दर्शक निमिष याचा फोन आला.

"आवाज फार छान आहे तुमचा. पण ही आजी मराठी वाटत नाही. 'चमचा' तुम्ही हिंदीसारखा म्हणता. 'बाळा'चं 'बाला' होतं. मुलं हसतील हो."

"मतलब... मी मराठीच आहे," भार्गवी म्हणाली.

"आहातच की. पण ऐकू येत नाही."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

बापू मटार सोलत बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. "बापू, आजपासून माझ्याशी हिंदी नाही बोलायची."

"मी कवा बोलतो? तूच बोलतीस."

"तर मग मला बोलू देऊ नका."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी फिरायला जाताना ती फोनवर बापूंचं बोलणं रेकॉर्ड करू लागली. गावच्या विहिरीचं, बैलांचं, भरतीला गेले त्या दिवसाचं. घरी येऊन तेच शब्द त्यांच्यासारखे म्हणायची. 'च'पाशी गाडी अडायची.

"जीभ दातामागं टेकव अन् सोड. चमचा. चटणी."

"मग 'चार' तसा का नाही?"

"आता का ते मला काय ठावं? बंदुकीच्या चापाला घोडा का म्हणत्यात, सांग बरं? म्हणत्यात, बस्स!"

'ळ' मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडला. गल्लीतली राजस्थानी भाजीवाली गवारीच्या शेंगांना 'ग्वार की फळी' म्हणायची, आणि तिचा 'ळ' थेट बापूंसारखा होता. भार्गवी तिच्याकडून रोज एकदा तरी 'फळी' म्हणवून घ्यायची. आठवडाभर सलग गवारीची भाजी झाली. बापूंनी तक्रार केली नाही.

आठ महिन्यांनी तिने निमिषला पुन्हा नमुना पाठवला. या वेळी त्याचा फोन लगेच आला.

"ही मराठीच! पण भार्गवीताई, ही बाई माणदेशातली आहे. आमची आजी शहरातली. शिवाय तिचं काम दुसरीला दिलं, रेकॉर्डिंगही सुरू झालंय."

भार्गवीने विचारलं, "गोष्टीत गावातलं कोण आहे?"

"गावातलं..." कागद चाळल्याचा आवाज आला. "एक कोंबडी आहे. भांडकुदळ. पण चारच भागांत येते. तुमच्यासारखीला ते फारच छोटं..."

"कोंबडी द्या."

स्टुडिओ जयपुरातलाच. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर रजया टांगलेल्या. निमिष पुण्याहून कानाला हेडफोन लावून ऐकत होता आणि बापू काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या शेजारी बसले होते. कागदावर वाक्य होतं, 'तू इथून निघून जा.' भार्गवीने विचारलं, "आमच्यासारखं म्हणू का?" आणि पिसं फुलवल्यासारखे खांदे उचलून ओरडली, "हितनं हल, न्हाईतर झाडावर पळवीन!"

निमिष हसला. बापू मात्र काचेवर टकटक करत म्हणाले, "झाड चुकलं. हिंदीतलं झालं. परत."

"काका, चालेल हो," निमिष म्हणाला.

"तुम्हाला चालंल. तिला न्हाई चालायचं."

बरोबर होतं. तिला चाललं नसतंच. चौदाव्या टेकला 'झाड' जमलं, तेव्हा तिचा घसा बसला होता, पण ती पुढच्या वाक्याकडे वळली.

चार भागांची कोंबडी मुलांना इतकी आवडली की मूळ मालिकेच्या लेखकांनी ती पुढे लिहिलेल्या सगळ्या भागांत घातली. त्या कामावरून एका मराठी चित्रपटात तिला जवानाच्या बायकोची भूमिका मिळाली. या वेळी सहा प्रसंग होते, चेहऱ्यासकट. पहिल्या दिवशी सेटवर एका नटीने सहज विचारलं, "मराठी कुठं शिकलात?" भार्गवी म्हणाली, "घरीच. जरा उशिरा."

आता तिच्याकडे गुजराती कार्टूनमधल्या मगरीचं काम आलं आहे. गुजराती तिला येत नाही. शास्त्री नगरात एका गुजराती बाईंचं फरसाणाचं दुकान आहे. गेल्या सोमवारपासून भार्गवी रोज सकाळी दहाला वही घेऊन तिथे जाऊन बसते.