नऊ नंबरचा पिवळा साका

बाटलीकाकूंच्या नावाचा दारूशी काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचा नवरा नवीन माणसाला हे नाव सांगताना मुद्दाम जरा थांबतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. काकू कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. बाटल्या भरायच्या, पुसायच्या, त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, मुलांनी फोडल्या की काचा झाडायच्या. एकतीस वर्षं हेच चाललेलं, आणि निवृत्तीला आठ दिवस उरलेले.

शिक्षण म्हणाल तर सातवी. पण सिंकपाशी उभं राहून दरवर्षी तोच धडा ऐकायचा म्हटल्यावर तो डोक्यात शिरणारच. क्षाराच्या नावात आधी धन आयन, मग ऋण आयन. आधी धातू, मग त्याचा जोडीदार. क्लोरीन जोडीला आला की क्लोराइड होतो, नायट्रोजन ऑक्सिजनला घेऊन आला की नायट्रेट. काकूंना हे इतकं आवडायचं की जेवताना त्या नवऱ्याला विचारायच्या, "सोडियम क्लोराइड वाढू का?" नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, शांत माणूस. तो म्हणायचा, "घरात तरी मिठाला मीठ म्हण गं बाई!"

प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक मुलाला पांढऱ्या भुकटीची एक पुडी मिळे. पुडीवर फक्त नंबर असे, आणि आतल्या क्षाराचं नाव मुलांनी तपासण्या करून शोधून काढायचं. कोणत्या नंबरात काय, याची यादी सरांच्या कपाटात असायची. सर आळशी नव्हते असं म्हणायचा मोह होतो, पण होते. बारा वर्षं त्यांनी ती यादी बदलली नव्हती. नऊ नंबर म्हणजे लेड नायट्रेट, हे मागच्या वर्षीची मुलं पुढच्यांना कानात सांगून जात. काकूंनी मात्र कधी कोणाला एक अक्षर सांगितलं नाही. "काकू, नुसती मान हलवा ना," म्हणून मुली गळ्यात पडायच्या, पण काकू ढिम्म.

यंदाची परीक्षा संपली आणि काकू परीक्षानळ्या धुवायला बसल्या. नऊ नंबर अकरा जणांना आला होता. दरवर्षी या नळ्या धुताना काकूंच्या नाकी नऊ यायचे. शिशाच्या, म्हणजे लेडच्या, द्रावणात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले की हळदीसारखा पिवळा साका तळाशी बसतो, आणि तो काचेला असा धरून राहतो की ब्रश झिजला तरी निघत नाही. यंदा नळ्या नुसत्या पाण्याखाली धरल्या तरी लख्ख होत होत्या. काकूंना आधी बरंच वाटलं. चार नळ्या झाल्या, पाच झाल्या. सहावी हातात घेतली आणि त्यांनी नळ बंद केला.

पिवळं गेलं कुठे?

त्यांनी अकराच्या अकरा नळ्या उजेडात धरून पाहिल्या. पिवळा कणसुद्धा नव्हता. हात न पुसताच त्या कपाटाकडे धावल्या. परीक्षेआधी कपाटाला रंग दिला होता आणि बाटल्या काकूंनीच पुन्हा लावल्या होत्या, नेहमीसारख्या जागेवरून ओळखून. "डोळे बांधा माझे, तरी चुकणार नाही," असं त्या अभिमानाने सांगायच्या. आता त्यांनी शेजारशेजारच्या दोन बाटल्या खाली घेतल्या. आम्लाच्या वाफांनी दोन्हींच्या चिठ्ठ्या खाल्ल्या होत्या. धातूचं नाव दोन्हींवरून गेलेलं, आणि उरलं होतं फक्त 'नायट्रेट'. एका बाटलीत लेड, दुसरीत बेरियम. दोन्हींतले खडे पांढरेच; लावताना जागा बदलल्या, आणि नऊ नंबरच्या पुड्यांत काकूंनी बेरियम भरलं. काकू मटकन स्टुलावर बसल्या. एकतीस वर्षांत हे झालं नव्हतं, आणि झालं ते आत्ता!

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याने डोळ्याचं भिंग काढून खाली ठेवलं.

"कोणी काही बोललं का?"

"नाही. तेच तर! अकरा पोरं, आणि एकानेही विचारलं नाही."

"मग तू कशाला बोलतेस? आठ दिवस राहिलेत. गप्प बस."

काकूंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी त्या सरांच्या टेबलाशी गेल्या. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तिथेच होता आणि निकाल फळ्यावर लागलेला होता. काकूंनी नऊ नंबरचे पेपर एकेक करून पाहिले. 'पोटॅशियम आयोडाइड टाकले असता पिवळा साका दिसला. म्हणून धन आयन लेड.' दुसरा पेपर, तेच. तिसऱ्याने तर साक्याचं चित्र काढून त्यात पिवळी पेन्सिल फिरवली होती. दहा जणांना पिवळं दिसलं होतं. जे नळीत नव्हतंच, ते दहा जणांनी डोळ्यांनी पाहिलं होतं!

अकरावा पेपर वर्षाच्या मध्यात दुसरीकडून आलेल्या एका मुलीचा होता. तिच्या कानात कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, 'पिवळा साका आला नाही. ज्योत हिरवट झाली. क्षार: बेरियम नायट्रेट.' त्यावर सरांची लाल फुली होती, आणि खाली शून्य. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे तिचं सबंध वर्ष गेलं.

"सर, ही पोर बरोबर आहे. चूक माझी आहे," काकू म्हणाल्या.

त्यांनी नऊ नंबरची उरलेली पुडी सोडली, पाण्यात विरघळवली आणि सरांच्या डोळ्यांदेखत आयोडाइडचे थेंब टाकले. द्रावण होतं तसंच नितळ राहिलं. सरांनी नळी हातात घेतली, वर केली आणि बराच वेळ पाहिली.

"पिवळसर आहे की जरासं," ते म्हणाले.

काकूंनी नळी त्यांच्या हातातून परत घेतली.

"दहा जणांना दिसलंय, काकू. आता हे उकरलं तर दहा जणांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल, वर माझ्या यादीवर चौकशी बसेल. आणि तुमचा निरोप समारंभ आलाय. एकही चूक नाही म्हणून तुमचं कौतुक होणार आहे. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

काकू नळी घेऊन बाहेर आल्या. खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात आलं, जाऊ दे. व्हरांड्यातल्या नळाशी तीच मुलगी तोंड धूत होती. डोळे सुजलेले.

"काकू, माझंच का पिवळं झालं नाही हो?" तिने विचारलं. "मी तीनदा केलं. माझं बघणंच चुकलं असणार. पुढच्या वेळी नाही दिसलं तरी मी पिवळंच लिहीन."

काकूंना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्यांनी मुलीचा ओला हात धरला आणि तिला ओढतच प्राचार्य मॅडमच्या खोलीत नेलं. सर मागून "काकू, काकू" करत आले.

"मॅडम, याचा रंग सांगा," काकू म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

मॅडमनी चष्मा लावून नळी खिडकीकडे धरली. "रंग कसला? पाणी आहे हे."

सर जमिनीकडे बघायला लागले. मग काकूंनी सगळं सांगितलं. कपाट, रंग, खाल्लेल्या चिठ्ठ्या, पिवळी पेन्सिल. मॅडमचा चेहरा उतरत गेला. "दहा जण?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "दहाच्या दहा?" शेवटी त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहू लागल्या. मुलीचं उत्तर बरोबर, तिला पूर्ण गुण. दहा जणांची फेरपरीक्षा, नव्या यादीने. पुडीत चुकीचा क्षार भरला गेला, तो भरणाऱ्या परिचर...

पेन थांबलं.

"काकू, तुमचं नाव काय लिहू?"

मॅडमनी सरांकडे पाहिलं. बारा वर्षं एका छताखाली काम केलेल्या सरांनाही ते माहीत नव्हतं. एकतीस वर्षं प्रत्येक बाटलीला पूर्ण नाव चिकटवणाऱ्या काकूंना राग आला. मग त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव.

मॅडमनी लिहिलं. मुलीने टेबलावर वाकून ते नीट लिहिलंय का, ते पाहिलं.