पाच दिवसांचं औषध

माझे सासरे, आबा, हडपसरजवळच्या मांजरीत गुळव्या होते. म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस उकळत असताना काहील नेमकी कधी उतरवायची, ते ठरवणारा माणूस. बाकीचे रंग बघत, पाण्यात थेंब टाकून बघत. आबा मात्र नुसत्या वासावर सांगायचे, "उतरवा." चार गावांतून बोलावणं यायचं त्यांना.

मी पुण्याच्या कसब्यातली. शिकलेली, जिभेला धार आणि चुलीपुढे शून्य. लग्नाला चार वर्षं झाली तरी आबांच्या तोंडून माझ्याबद्दल बरा शब्द निघाला नव्हता. तो निघाला नाकाच्या थेंबांवरून.

सर्दीने माझं नाक चोंदलं होतं म्हणून डॉक्टरांनी थेंब दिले होते. पाच दिवसांच्या वर घालायचे नाहीत, बाटली दुसऱ्याला द्यायची नाही, असं दोनदा बजावलं होतं. त्याच आठवड्यात ऐन हंगामात आबांचं नाक बंद झालं. मी शहाणी, माझीच बाटली काढली. त्यांना खाटेवर उताणं निजवलं, खांद्याखाली उशी दिली, मान मागे टाकायला लावली. जोरात ओढू नका म्हटलं, पण वास ओढायची जन्माची सवय! निम्मं औषध घशात गेलं. "कडू हाय गं," म्हणाले. थोड्या वेळात मात्र नाक मोकळं. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर भेटेल त्याला सांगत सुटले, "आमची सूनबाई डाक्टरच हाय."

सहाव्या दिवशी मी 'आता बस' म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. लाज वाटते, पण खरं तेच सांगते, मला ते कौतुक हवं होतं. बाटली संपली की हडपसरहून मीच नवी आणायची. औषधाचा अंमल उतरला की नाक पहिल्यापेक्षा घट्ट, की पुन्हा थेंब. बाटली बंडीच्या खिशातच असायची. दिवसातून दहादा तिचं टोक नाकात खुपसलेलं मी बघत होते. आज सांगू, उद्या सांगू करत दोन हंगाम गेले.

तिसऱ्या हंगामात मी भाकरी घेऊन निघाले होते. करपल्याचा वास मला बांधावरच आला. आबा काहिलीशेजारी शांत बसले होते. दुसऱ्याच कुणीतरी ओरडून काहील उतरवली. सगळा गूळ काळा पडला. आबांना कोणी चकार शब्द बोललं नाही. पुढे बोलावणंही आलं नाही.

मग मी त्यांना पुण्याला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाटली बघून ते भडकलेच. "आजोबा, हे पाच दिवसांचं औषध आहे. दोन वर्षं घालताय? नाक आतून सुजलंय ते यानेच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना कोणी सांगितलं नाही?"

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं की. सूनबाई रोज वरडायची. म्याच ऐकलं न्हाई."

"मग तुम्ही तरी काय करणार," डॉक्टर मला म्हणाले. मी मान डोलावली.

थेंब बंद केल्यावर महिन्याभरात श्वास मोकळा झाला. वास काही पुरता परत आला नाही. त्यानंतर आबा नऊ वर्षं होते. मी कधीच ओरडले नव्हते, एवढंसुद्धा मला त्यांच्यापाशी कबूल करता आलं नाही.